आखाजीचं पितर

वडनेर भोलजी
१४ एप्रिल २०२५

चि. रेवतीस आत्याचे अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं हूं हूं करते, म्हणून लिहून राह्यली. तुह्या बाबाले जाऊन तीन महिने झाले. पंधरा दिवसांवर आखाजी, तुमची शहरातली अक्षय्य तृतीया, त्याची पहिली. त्याच्या नावानं कोणाले तरी पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालावं लागते. रोहिणखेडले तुह्या बाबाच्याच घरी करू, त्याच्या शेजारच्या दयारामले बसवू. माहा भाऊ कसा होता ते मले सांगू नको, तुह्या पाठीवरच्या वळांले हळद मीच लावली. मन नसन तं नाही म्हण, मी रागावणार नाही. पण लवकर कळव. दयाराम आतापासूनच उपाशी राह्यला तं आपल्याले पाप लागीन!

तुही शालूआत्या

बुलढाणा
१९ एप्रिल

ती. शालूआत्यास शि. सा. न. वि. वि.

ज्यानं पट्ट्यानं झोडपलं, त्याच्यासाठी मी पुरण वाटू? अन् गंमत पाय, त्याचा चष्मा दिसला की मीच भोकाड पसरते. रडली की माहाच मले राग येते. मी येडी झाली काय वं?

येते रोहिणखेडले. पण वाढता वाढता सारं बोलीन. दयारामकाकाले सांगून ठेव.

तुही रेवती

रोहिणखेड
१ मे

ती. आत्यास शि. सा. न.

गुडघा दुखला म्हणून आली नाही, केवढ्या तमाशाले मुकली तू! दयारामकाकाले पाटावर बसवलं, गंध लावलं, अन् पहिली पोळी वाढतानाच विचारलं, बाबा, दहावीचे पेढे न विचारता वाटले म्हणून काऊन मारलं? काकाचा घास तोंडातच! पितरानं ताटावरून अर्धवट उठू नये, हे तुमचंच शास्त्र. बिचारा जाईन कुठी? एका तक्रारीले एक पोळी. सहाव्या पोळीले त्यानं आमरसाचे हात जोडले. मले इतकं हसू फुटलं की तुपाची वाटीच लवंडली.

मग तो म्हणे, पोरी, चुकलो. मले वाटलं, बाबाच्या वतीनं बोलते. तं नाही म्हणे, मी चुकलो. भिंतीपल्याड सारं ऐकू ये, अन् मी टीव्हीचा आवाज वाढवो.

आत्या, बाबा जगला असता तरी हे बोलला नसता. पण कोणीतरी बोललं! मी काकाच्या खांद्यावर डोकं ठेवून बाबासाठी रडली, मनसोक्त. या खेपेले माहा मले राग नाही आला. पाटाकडं पाहून म्हटलं, बाबा, मी विसरणार नाही, पण माफ केलं, जा आता.

काकानं हळूच विचारलं, आता उठू काय? मी आणखी एक पोळी वाढली. तक्रार नव्हती. बाबाले पुरण लई आवडे.

गुडघ्याले तेल लाव, अन् माह्यावर जीव हाय तसाच असू दे.

तुही रेवती