नकाशातली खूण

शनिवार, संध्याकाळ. महाड.

खिंड राखणारी गंगू कधी नव्हतीच. अप्पांनी ती कादंबरीसाठी जेवता जेवता रचली, मी समोरच होते. पुस्तकातला नकाशा मी काढला. तिच्या चौकीची खूण शिवथरच्या वर केली, कारण तिथे उतार कमी होता. बस, एवढंच कारण.

आज वाडीवरचे नामदेवकाका प्रसाद घेऊन आले. नेमक्या त्या जागी त्यांना दगड सापडलाय. त्याला शेंदूर फासलाय, नारळही फोडला. "अप्पा, उद्या हार तुमच्याच हातचा हाय. मुंबैची पोरं रजा टाकून आलीत. नाय म्हणायचं नाय! आणि इंजिनीअरबाई, तू पण चल गो, जागा तूच दाखवलीस."

मला वाटलं, अप्पा हसून खरं सांगतील. प्रत्येक भाषणात कल्पित पात्रं कोणती ते आधी सांगून टाकणारा माणूस. ते म्हणाले, "येतो."

काका गेल्यावर विचारलं, "गंगू तुम्ही रचलीत, हे उद्या सांगाल ना?" संकोचाने गप्प राहिले असते तर मला कळलं असतं. पण त्यांचा चेहरा खरोखर गोंधळला. त्यांना आठवत नाहीये का? उद्याच्या हारापेक्षा मला याचीच भीती वाटते आहे.

"रचली? काहीतरीच." त्यांनी पुस्तक उघडलं आणि माझ्या खुणेवर बोट ठेवलं. "ही काय, तूच तर दाखवलीयस."

बोटाला प्रसादाचा शेंदूर होता. खुणेवर उमटलेला डाग मी पुसायला गेले तर आणखी पसरला.