सुवार्ताला लायक ठरवायचं नाही

प्रिय मार्थाबाई,

काल तुमच्या कादंबरीबद्दल प्रकाशकांचं उत्तर आलं, म्हणून हे लिहितोय. छापू म्हणतात, पण शेवट बदला. तुम्ही आता हयात नाही, तर होकार मी द्यायचा. मी! मोहाडीत हमाली करत करत स्वतःच्या राईस मिलपर्यंत पोचलेला माणूस. कादंबरीच्या वह्या माझ्याच हवाली काहून केल्या हो?

आठवतं, शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही मिलमधली तांदूळ निवडायची मशीन पाहायला आलात? डागी दाणा दिसला की हवेचा झटका, अन् बाहेर!

"गोविंदभाऊ, फेकलेल्याचं काय करता?"

"कोंबड्यायले जाते, बाई."

"अन् माणसं अशी निवडली तं?"

तिथूनच तुमच्या कादंबरीतलं ते पुढच्या काळातलं नगर उभं राहिलं. प्रार्थनेला बंदी, दरसाल माणसांची प्रतवारी. पांगळी सुवार्ता 'निकामी' ठरते, वेशीबाहेर टाकली जाते. शेवटी अधिकारी म्हणतो, येशूचं नाव सोड, पुन्हा तपासू. ती म्हणते, "माझं मोल येशूनं कधीचंच दिलंय. तुमचं यंत्र बंद करा."

प्रकाशकांना हवंय, तिनं नगर वाचवावं. म्हणजे ती लायक होती हे वाचकाला पटेल!

खोटं कशाला बोलू? मीही तेच म्हटलं होतं. "पोरीले काही कामाची दाखवा ना, बाई."

केवढ्या भडकलात! "कामाची निघाली म्हणून देवाले आवडली? मंग तुमच्या मशीनीत अन् माझ्या देवात फरक काय राह्यला?"

मी हसलो. जन्मभर दाणा दाताखाली फोडून, त्याच्या आवाजावर भाव ठरवणारा मी. वाटलं, बाई भाबड्या आहेत.

पण बाई, तुमचंही चुकलंच. आजारपणात मला दारातूनच परत पाठवलंत. "आता मी कोनाच्याच कामाची नाही, भाऊ. कायले येता?" सुवार्ताला शिकवलंत ते स्वतःला लागू नव्हतं का? माझे कान तिखट. तुमचा आवाज कापला तो मला ऐकू आला होता. तरी फिरलो मागे. आत येऊन बसायला हवं होतं. नुसतं बसायला.

आज प्रकाशकांना नकार कळवला. भंडाऱ्यात लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे वह्या दिल्या. तो म्हणाला, "शेठ, पोरगी जिंकतच नाही. कोन घेईन असं पुस्तक?"

"तू छाप."

शब्द देतो, बाई. सुवार्ता कुणाचं नगर वाचवणार नाही. पांगळीच राहील, वेशीबाहेरच राहील, आणि तिथं बसून मोठ्यानं प्रार्थना करील. ज्याला ऐकवत नसेल, त्यानं कान झाकावे!

तुमचा,
गोविंदभाऊ