आडवा आणलेला खांब

वस्ताद, बैलगाडी का केली न्हाई, तर सायकल रोज सांगलीला जातच हुती म्हणून. हळदीच्या वखारीत मी हमालीला, सकाळी जायचं, दिस मावळायला परतायचं. तिथल्या सुताराकडनं एक खांब आणायला बैल कशाला जुपायचे? तालमीतला जुना मल्लखांब वाळवीनं खाल्लेला, पोरं एकेक करून यायची बंद झालेली, आन् तुमी खाटंवर खोकत एकच धोशा लावलेला, नागपंचमीच्या आत नवा टांगला पायजे, न्हाईतर तालीम मोडली. म्हणून टांगायचा आखूड खांब सांगितला. आखूड म्हंजी माझ्या खांद्याएवढा, शिसवी, उचलताना कंबर बोलंल असा. एरंडेल लावलेल्या लाकडाला चिखल लागू नये म्हणून गुंडाळायला तुमीच तुमचं जुनं धोतर दिलं.

त्यो मी सायकलीच्या दांडीला आडवा बांधला. गुडघं फाकवून पायडल मारतोय, धोतरावर माझ्या हातांची हळद उमटलेली. तासगावच्या वाटंला कडुलिंबाखाली एक म्हातारा बसलेला. मला बघून उठला, डोक्याचा पटका काढला. आधी कळंना, मंग कळलं. म्हणालो, आजा, तालमीचं लाकूड हाय. त्यो सीटवर हात ठिवून चार पावलं चालला, मयतासंगं चालत्यात तसा, आन् माघारी वळला. माझं टाळकं सरकलं, पण भांडत कुठं बसू?

तुमाला सांगितलं तर तुमी धोतरावरली हळद बघत राहिला.

"खांब उभा आणत्यात, गड्या. खांद्यावर, उभा. आडवं माणूस जातंय."

"आवं वस्ताद, खांब उभा धरला तर हँडल कोण धरणार, तुमी?"

तवा तुमी हसला, खोकला येस्तोवर. खांब टांगला. तालीम दिसंल अशी तुमी खाट तुमच्या दाराशी वढून घेतली आन् चुकणाऱ्याला तिथनंच शिव्या घातल्या. चार दिस तुमाला दम्याची आठवण न्हवती.

पंचमीच्या आदल्या दिशी मी परत येतोय. सायकल मोकळी. दांडीला काय न्हाई, क्यारेजवर काय न्हाई. कडुलिंबाखालचा म्हातारा उठतो, पटका काढतो. "आजा, आज मोकळा हाय," मी म्हणतो. "व्हय," म्हणतो त्यो, आन् सीटवर हात ठिवतो. तेवढी चार पावलं सायकल अशी जड झाली की मला खाली उतरावं लागलं. गावात शिरलो तर तुमच्या दाराशी खाट भिंतीला उभी करून ठिवलेली. आभाळ भरून आलेलं म्हणून दुपारीच नेलं तुमाला. माझा खांदा लागलाच न्हाई.

पंचमीला पोरं खांबावर चढली. तालीम मोडली न्हाई, अजून हाय.

मी असलं काय मानत न्हाई. लाकूड ते लाकूड. म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं असंल, त्याला इचारायला मी कवा थांबलो न्हाई. हा कागद बी कुठं धाडायचा न्हाई. फकस्त एवढंच, तवापासनं सायकलीला लांब काय आडवं बांधलं न्हाई. ऊस न्हाई, पाईप न्हाई. छत्री बी एका हातात उभी धरून नेतो, नातवंडं हसत्यात. त्या कडुलिंबापाशी आलो की उतरतो आन् चार पावलं चालतो. सीटवर हात कुणाचा असतोय, त्ये मी सांगणार न्हाई.