आरोग्य खातं, हद्द बेडोक

२ ऑगस्ट, शनिवार
पॉलिक्लिनिकमधून आलो. शुगर बॉर्डरच्या पलीकडे गेली आहे, पण थोडीच. डॉक्टर बाई म्हणाल्या, तीन महिने देते, खाणं आवरा आणि रोज चाला. नोव्हेंबरात उतरली नाही तर गोळ्या, आणि त्या सहसा सुटत नाहीत.
बाबांनाही सेहेचाळिसाव्या वर्षी असंच सांगितलं होतं. त्यांनी मनावर घेतलं नाही. पुढे पायाची बोटं काढावी लागली. पण बाबा वाचत नसत. मी वाचतो.

३ ऑगस्ट, सकाळ
माझा पार्ट-टाइम एम.ए.चा प्रबंध वसाहतकालीन सिंगापूरच्या आरोग्य खात्यावर आहे: प्रशासन आणि कायदे. दिवसा तुआसच्या कारखान्यात पंप बघायचे, उरलेल्या वेळात प्लेग आणि कॉलरा. इतकी वर्षं नीलिमा विचारते आहे की याचा उपयोग काय. आता उपयोग समोर आला. इंग्रजांनी आधी कायदा केला, मग खातं चालवलं. घरीही तसंच करायचं.
मसुदा तयार. कलम एक: साखर बंद. कलम दोन: रोज ईस्ट कोस्ट पार्कला चालणे. आरोग्याधिकारी मी. निरीक्षक मी. जनताही मीच.
नीलिमाला वाचून दाखवला. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, सुबोध, एवढं लिहीपर्यंत एक फेरी झाली असती. प्रशासनाची समज सगळ्यांना नसते.

९ ऑगस्ट
नॅशनल डे. चाललो नाही. सार्वजनिक सुट्टीला सरकारी खाती बंद असतात. कायद्यात तशी तरतूद नव्हती, म्हणून दुरुस्ती केली. ही पळवाट तर नाही ना, असं स्वतःला विचारलं. बराच वेळ प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

१९ ऑगस्ट, दुपार
तुआस. कामावरच्या नरेशनं कोपिटियममध्ये, म्हणजे इथल्या चहाच्या हॉटेलात, माझ्यासाठीही नारळाच्या गोड जॅमचा काया टोस्ट आणि कंडेन्स्ड मिल्कचा चहा मागवला. आधी दचकलो. मग लक्षात आलं की जुना म्युनिसिपल कायदा हद्दीपुरताच असे. हद्दीबाहेर वेगळी व्यवस्था, आणि तीही ढिली. तुआस म्हणजे बेटाचं पार पश्चिम टोक, आणि आमचं घर पूर्वेला, बेडोकला. बेडोकचा कायदा इथे लागू होतच नाही.
नरेशला नीट समजावलं. तो नागपूरचा. त्यानं विचारलं, सुबोधभाऊ, मग पोट बेडोकलाच ठेवून येता का जी तुम्ही?
मुद्दा त्याला कळला नाही. टोस्ट चांगला होता.

७ सप्टेंबर, रविवार
शुगर मोजायचं मशीन आणलं होतं. आकडे वाईट येत होते. जुन्या वार्षिक अहवालांत जे नोंदले गेले तेवढेच रोगी दिसतात, बाकीचे नाहीत. या दोषाचा मी प्रबंधात कडक समाचार घेतला आहे. त्यावरून सुचलं: चाललो त्याच दिवशी मोजायचं. आता सरासरी उत्तम. आकडे थोडे आहेत, पण जे आहेत ते दिलासा देणारे.

२५ सप्टेंबर
प्रबंधाच्या सुपरवायझरची मेल. कायद्यांचं प्रकरण लांबलं आहे म्हणतात. अंमलबजावणीचं प्रकरण कुठे आहे, असं विचारतात.
साधनं अपुरी आहेत, असं कळवलं.
चालणं स्थगित. गुडघा.

१४ ऑक्टोबर
पुण्याहून सुनेत्राताईचं दिवाळीचं पार्सल. चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. नीलिमा म्हणाली, ऑफिसात वाटून टाकते. मी हरकत घेतली. बाहेरून आलेला संशयित माल असा परस्पर वाटायचा नसतो. सेंट जॉन्स बेटावर जहाजांतून उतरलेली माणसंसुद्धा आधी विलगीकरणात ठेवत. डबा माझ्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं.
चैत्रालीनं विचारलं, बाबा, किल्ली पण तुझ्याकडेच? मग तिच्या सिंगापुरी इंग्रजीत: लाइक दॅट कॅनॉट लाह.
सोळा वर्षांची झाली, पण अधिकारपदाबद्दल आदर नाही. तिच्या वयात मलाही नव्हता बहुतेक. आठवून बघितलं. होता.

२१ ऑक्टोबर
डब्याची पाहणी करणं भाग होतं. एक लाडू नमुना म्हणून. फक्त वरच्या थरातला नमुना घेऊन निष्कर्ष काढणं अशास्त्रीय, म्हणून मधला. मग तळचा. अहवाल: माल उत्तम.
डबा रिकामा दिसल्यावर नीलिमानं तो घासून पालथा घातला. तिनं विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.
थकलो आहे. एकट्यानं खातं चालवायचं म्हणजे चेष्टा नाही. मी नक्की काय करतो आहे, असं आज स्वतःला विचारलं. उत्तर येण्याआधी झोप लागली.

२९ ऑक्टोबर
पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी रक्त देणार. आणीबाणीचे अधिकार वापरले: कारलं, उकडलेल्या भाज्या, सकाळ-संध्याकाळ चालणं. खात्याचा सुवर्णकाळ.

३१ ऑक्टोबर
नेटवर वाचलं. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. म्हणजे ऑगस्टपासूनचं सगळं आलं. तुआससकट. याला न्याय म्हणत नाहीत. निदान आधी कळवायला हवं होतं.
नीलिमा म्हणाली, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी शेजारी बसले होते. तू तेव्हा काहीतरी लिहून घेत होतास.

८ नोव्हेंबर, शनिवार
रिपोर्ट घ्यायला तिघं गेलो. शुगर चांगलीच वाढली आहे. गोळ्या आजपासून.
डॉक्टर बाईंनी विचारलं, चालत होतात का. मी परिस्थिती समजावून सांगायला सुरुवात केली. चैत्राली मध्येच म्हणाली, ही नेव्हर वॉक, डॉक्टर. ओन्ली रायटिंग. मग बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि पुढचं सगळं तिला आणि नीलिमाला सांगितलं.
पायाची तपासणी होती. डोळे मिटा, तळव्याला दोरा टेकवला की हो म्हणा. उजव्या पायाला हो, हो म्हणालो. मग डावा. मी डोळे मिटून वाट पाहत राहिलो. शेवटी मीच विचारलं, डावा कधी बघणार?
नीलिमा म्हणाली, झाला रे बघून.
डोळे उघडले. चैत्राली माझ्या पायाकडे बघत होती, फोन हातात तसाच.
बाई म्हणाल्या, एका जागी संवेदना कमी वाटते आहे, पुन्हा बघू, आता मात्र हयगय नको. हे त्या नीलिमाला म्हणाल्या.
परत येताना बस स्टॉपपर्यंत दोघी माझ्या दोन बाजूंनी चालत होत्या. फार हळू. दमल्या असाव्यात.