सोमी आजीचं नाव

केसरीनाथ,

काल्हेरच्या गोडाऊनवरून आलास की जेवून घे. भाकऱ्या झाकून ठेवल्यात, कालवण तेवढं गरम कर. मी पाड्यावर चाललेय, सोमी आजीच्या भाचीला, धाकलीला, आणायला. आज संध्याकाळी अंगणातल्या कीर्तनात बुवा आपल्या वाडवडिलांची नावं घेणार, तर आजीच्या माहेरचंही कुणी पुढं बसलेलं हवं.

वंशावळीच्या फलकासाठी बारा पिढ्यांमागचा सरदार तुला सापडला, आणि आपल्या बापाची आई, सोमी आजी, तेवढी सापडली नाही. तिच्या जागी तू आजोबांची पहिली बायको लिहिलीस. ती बिचारी मूल न होताच गेली, हे सगळ्या गावाला ठाऊक हाय. "आक्का, आदिवासी पाड्यावरची आजी लिहिली तर व्याही काय बोलतील?" म्हणे. व्याह्यांना सांग, तिच्याच दुधावर आपला बाप वाढला.

मोबाइल देव्हाऱ्याजवळ ठेवून चाललेय, तेव्हा फोन करून मला परत बोलवायला जाऊ नकोस. इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, ती देवासमोर खोटं ऐकून मान डोलवायला न्हाय. बुवांना मी सकाळीच आजीचं नाव सांगून आलेय. तुला लाज वाटत असेल तर मागं बस. धाकली माझ्या शेजारी बसेल.

आक्का