कुणासारखं दिसायचं नाही

प्रिय ठकू,

तुझा निरोप मिळाला. "मावशी, या वयात चेहऱ्याला मशीन? मज्जा आहे बाई एका माणसाची!" आणि पुढे हसणाऱ्या तोंडांची ही भलीमोठी रांग. बातमी तुला खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी पुरवली असणार. ब्लाउजाचा गळा त्यांच्या हातून कधी नीट बसला नाही, पण बातमी मात्र अचूक बसते. त्याच निरोपात, हसणाऱ्या तोंडांच्या खाली, तुझं दुसरं वाक्य होतं : वृद्धांच्या संस्थेत खोली मिळाली आहे, महिनाअखेर आईला तिकडे हलवू. थट्टा आणि फर्मान एका दमात. मी दोन्हींना उत्तर देणार आहे आणि थट्टेपासून सुरुवात करणार आहे, कारण टोमण्याला उत्तर न देता मी आजवर कुठल्या फाटकावरून हलले नाही हे तुला ठाऊक आहे.

हो, गेले होते मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. तोंड लपवून नाही, भर दुपारी, रिक्षावाल्याला दवाखान्याचं नाव मोठ्याने सांगून. तू म्हणशील, हीच का ती मावशी, जी परिचारिकांच्या सभांमध्ये भोंगा हातात घेऊन गरजायची की बाईच्या सुरकुत्यांवर दुकानं चालवणाऱ्यांना दारात उभं करू नका? हीच. आजही कुणी भोंगा दिला तर तेच बोलेन. बाईने राबावं, जागरणं करावी, उन्हात उभं राहावं, आणि त्यातलं काही तिच्या चेहऱ्यावर दिसू नये, ही मागणी निर्लज्ज आहे. आणि तिने ते पुसायला काही केलं की तिलाच हसावं, ही दुसरी मागणी पहिलीहून निर्लज्ज आहे. पुरुषाच्या कपाळावर आठ्या पडल्या की तो विचारवंत, बाईच्या पडल्या की ती खाष्ट. हा न्याय कुणी लिहिला ते मला दाखव, मी त्याची जाहीर चिरफाड करते. पण ठकू, चेहरा ज्याचा त्याचा असतो. तो ठेवायचा कसा, हे ठरवायचा हक्क मी दुकानदाराला दिला नाही आणि हसणाऱ्यांनाही देणार नाही. तुझ्यासकट.

जाण्याआधी मी सगळं वाचून घेतलं. तुला माझी सवय माहीत आहे, मागण्यांचा मसुदा करायच्या आधी मी समोरच्या पक्षाचे कायदे पाठ करायची. चाकू न लावता चेहरा वर उचलायचे म्हणून जे जे उपाय आहेत, त्यांची मी वाचनालयात बसून उलटतपासणी केली. ध्वनिलहरींचं मशीन कातडीच्या आत खोलवर उष्णता पोचवतं, तिथे शरीर हळूहळू नवे तंतू विणतं, आणि त्याला महिने लागतात. रेडिओलहरींचं मशीन त्याचीच चुलत बहीण, फक्त तिच्याकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. आठ्या घालणाऱ्या स्नायूला इंजेक्शन देऊन काही महिने झोपवता येतं. खड्डे भरायला जेल असतं. विरघळणाऱ्या दोऱ्यांनी गाल आतून ओढून धरता येतात. आणि पोस्टरवर लिहितात त्यातलं निम्मं कुठल्याच उपायाने होत नाही. माझी पाटी अशी भरलेली होती.

तिथली बसायची खोली म्हणजे थंडगार काचेचा डबा. भिंतींवर इतके गुळगुळीत चेहरे की माणसं आहेत की अंडी, कळेना. स्वागतकक्षातल्या मुलीने मला बघितलं, 'ताई' म्हणावं की 'आजी' या विचारात तिचे ओठ दोनदा हलले, आणि शेवटी 'मॅडम'वर येऊन सुटली. मग आत फोटो काढायला नेलं. फोटो काढणारी पोरगी म्हणते, "मॅडम, चेहरा शांत ठेवा." म्हटलं, "ठेवलाय." ती म्हणते, "नाही, म्हणजे... रागावू नका ना." म्हटलं, "बाळ, हा माझा शांतच चेहरा आहे." ती बिचारी कॅमेऱ्यामागे लपून हसली. मीही हसले, पण ते वाक्य काळजात कुठेतरी रुतून बसलं, कारण मी गेले होते ते नेमकं त्याचसाठी.

डॉक्टरीणबाई साधारण तुझ्याच वयाच्या. मला आवडल्या. त्यांनी मला आडवं न करता ताठ बसवलं, हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "आडवं झालं की सगळ्यांचेच गाल कानाकडे सरकतात, सगळेच तरुण दिसतात. तुम्ही जग बसून बघता, म्हणून आपणही बसूनच बघू." मग विचारलं, "तुम्हाला कसं दिसायचंय? काही फोटो आणलाय का?" त्यांच्याकडे येणारे सगळेच फोटो आणतात म्हणे. कुणी नटीचा आणतं, कुणी स्वतःचाच लग्नातला. मी पर्समधून फोटो काढून दिला. त्यांनी तो नीट पाहिला. एक पन्नाशी-साठीतली बाई, कपाळावर भुवयांच्या मधे दोन उभ्या चिरा, तोंडाचे कोपरे खाली ओढलेले, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना लोंबलेले गाल. डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "असं दिसायचंय?" म्हटलं, "नाही. असं दिसायचं नाही."

त्यांनी फोटो माझ्या गालाशेजारी धरला. मग म्हणाल्या, "तुमची आई?" म्हटलं, "काकू."

तू तिला पाहिलेलं नाहीस. आमची आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला ती आठवतसुद्धा नाही, आणि आम्हा दोघी बहिणींना काकूने वाढवलं. तिला राक्षसीण म्हणणार नाही. तिच्या पदरात कुणी न विचारता दोन पोरी टाकल्या होत्या आणि तिने तो राग कुठेतरी काढला. तो जेवताना निघायचा. ताटातलं जरा सांडलं की उरलेलं जेवण बंद आणि कोठीची खोली, बाहेरून कडी. सांडायचं मी, आणि "माझ्याकडून सांडलं" म्हणायची तुझी आई, माझी अक्का. कडीच्या आत किती वेळा गेली असेल, देव जाणे. बाहेर आल्यावर मला म्हणायची, आत छान गार असतं गं.

आता तू मागच्या खेपेला जे पाहिलंस त्याच्याकडे ये. मी तिच्यासमोर ताट ठेवलं आणि अक्काने दोन्ही हात ताटावर पालथे घातले, अंग चोरलं, ओरडली, आणि मी जवळ गेले तशी ताटच भिरकावून दिलं. माझ्या हातचं ती खात नाही, स्वयंपाकाच्या बाईंच्या हातचं मात्र मुकाट खाते. तू मला तोंडावर काही बोलली नाहीस. पण सांडलेलं पुसता पुसता तू माझ्याकडे जो कटाक्ष टाकलास, त्याचा अर्थ मला कळला. जन्मभर रुग्णांच्या नातेवाइकांचे कटाक्ष वाचलेत मी. मावशी तिला धाक दाखवते का? मारते का? आणि परत गेल्यावर आठवड्याच्या आत तू संस्थेची चौकशी सुरू केलीस. मला त्याचा राग आला नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि बहुधा आरडाओरडा करून केलं असतं.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी ताट ठेवून लांब उभी राहिले आणि तिच्या तोंडाकडे कान लावला. ओरडण्याच्या आधी ती पुटपुटते, ते तुला ऐकू आलं नव्हतं. ती म्हणत होती, "नाही सांडलं काकू. बघा, नाही सांडलं."

त्या संध्याकाळी मी आरशासमोर बसले आणि शेजारी काकूचा फोटो ठेवला. ठकू, मी जन्मभर समजत होते की मी आईवर गेले आहे. मी काकासारखी दिसते असं कुणी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण काकू तर रक्ताचीसुद्धा नाही! तरी त्याच दोन चिरा, तेच खाली ओढलेले कोपरे. तिच्या चिरा रागाने पडल्या, माझ्याही रागानेच पडल्या. माझा राग कुणावर होता? पगार बुडवणाऱ्यांवर, बाळंतिणीला फरशीवर झोपवणाऱ्यांवर, उन्हातान्हात बायकांना फाटकाबाहेर उभं करणाऱ्यांवर. त्यातल्या एकाही रेषेची मला लाज नाही. पण ज्या बाईची आठवण पावलापावलाने मागे चालली आहे, तिला मी कसं समजावणार की हा राग वेगळा होता? तिला फक्त रेषा दिसतात. आणि माझ्या अक्काने माझ्याच घरात, माझ्याच समोर कोठीत कोंडल्यासारखं बसावं, हे मी चालू देणार नव्हते.

हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी विकायचा प्रयत्न केला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. म्हणाल्या, "दोऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, तुमची कातडी पातळ आहे. आठ्यांना आणि तोंडाचे कोपरे खाली ओढणाऱ्या स्नायूंना इंजेक्शन देऊ, ते पंधरवड्यात दिसेल, पण काही महिन्यांत उतरेल. जबड्याला ध्वनिलहरी देऊ, ते सावकाश दिसेल आणि थोडंच दिसेल. तुम्ही तरुण नाही दिसणार. फक्त या बाईंपासून थोड्या लांब जाल." म्हटलं, थोडं लांबच जायचंय. इंजेक्शनं म्हणजे मुंगी चावल्यासारखी. ध्वनिलहरींनी मात्र जबड्याच्या हाडावरून अशी कळ मारली की मी त्या मशीनला दोन घोषणा ऐकवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मॅडम, बोलू नका, नेम हलतो." मला बोलू नका म्हणणारं आणि वर मला ते ऐकायला लावणारं हे पहिलंच माणूस.

आणि आता निकाल ऐक. मी आरशात पाहते तेव्हा मला फार फरक दिसत नाही. वाद घालताना भुवया हलत नाहीत, त्यामुळे भाजीवाला मला हल्ली घाबरत नाही, एवढं नुकसान झालंय. पण अक्काने ताटावर हात पालथे घालणं थांबवलं. आधी नुसती बघत राहायची. मग एके दुपारी मी घास पुढे केला तर तिने तोंड उघडलं. शांतपणे जेवली. पाणी प्यायली. आणि पदराने ओठ टिपून मला म्हणाली, "तुम्ही नवीन का इथे? बसा ना, उभ्या किती वेळ राहणार?" अक्काने मला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. मी खुर्ची ओढली. बसले. आता रोज बसते. ती मला ओळखत नाही, पण भीतही नाही, आणि या दोहोंतलं एकच मिळणार असेल तर मी हेच निवडीन, हात वर करून, मोजायला लावून.

तेव्हा संस्थेला नाही म्हणून कळव. ही विनंती नव्हे. अशा संस्था मी आतून पाहिल्या आहेत. काही चांगल्या असतात, कदाचित तुझीही असेल, पण तिथल्या कुठल्या बाईच्या चेहऱ्यात तिला काकू सापडेल हे तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही. मात्र एवढंच सांगायचं असतं तर मी फोन केला असता. पत्र लिहिलं ते पुढच्यासाठी, कारण फोनवर माझा आवाज टिकला नसता. जेवण झालं की अक्का रोज दाराकडे बघते आणि मला, या नव्या बाईला, विचारते, "आमची चिंगी नाही आली अजून ड्यूटीवरून? तुम्हाला दिसली का वाटेत?" चिंगी म्हणजे मी. माझ्या या चेहऱ्यातून तिची चिंगी बाहेर काढेल असं मशीन जगात नाही, मी सगळी तपासली आहेत. पण चाळिशीतली चिंगी कशी दिसायची ते मला माहीत आहे, कारण ती अधूनमधून सुट्टी काढून आमच्याकडे येते आणि हसणाऱ्या तोंडांची रांग पाठवते. मागच्या खेपेला तू दारातून आत आलीस तेव्हा अक्का उठून उभी राहिली होती, "चिंगे, किती उशीर," म्हणाली होती, आणि तू तिचा हात धरून म्हणालीस, "आई, मी चिंगी नाही, मी तुझी ठकू." ती गप्प झाली ती दिवसभर. चूक नव्हती तुझी. आईने आपल्याला दुसऱ्या नावाने हाक मारावी हे कुठल्या लेकीला सोसेल? यापुढेही सोसणार नाही, तरी सोस. लवकर ये. आणि तोवर कुठल्याही डॉक्टरीणबाईला तुझ्या चेहऱ्याला बोट लावू देऊ नकोस, मला तो जसाच्या तसा हवाय. दारात चपला काढताना ती म्हणेल, चिंगे, आलीस? तिला सुधारू नकोस गं. आले अक्का, म्हण. दमले आज, म्हण. आणि तिच्या शेजारी बसून जेव.

वाट पाहणारी, तुझीच
मावशी