खुंटीपासून दहा मीटर

तीर्थस्वरूप मामांस, साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच मान्य करून घ्यावा).

तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला कसा आहे? आम्ही ठीक. समुद्राचं मात्र मला काही सांगता येत नाही, आणि तुम्ही नेमकं तेच विचारलंत: निवृत्त होऊन परत येताय, तर किनाऱ्यावरच्या तुमच्या बंद घरावर वरचा मजला चढवावा का? भाचा किनारा नियोजनाच्या कचेरीत असताना दुसऱ्या कोणाला विचारायचं, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण मामा, या कचेरीत बसून माझंच डोकं गरगरायला लागलंय.

माझं काम तसं सोपं. किनाऱ्यावर एक लाल खुंटी आहे. तिच्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर वर्षातून एकदा टेपने मोजून वहीत लिहायचं. खुंटी वाहून गेली असेल, तर पाण्यापासून दहा मीटर मागे नवी ठोकायची आणि मग मोजायचं, असा नियम आहे. खुंटी दरवर्षी वाहून जाते. मी दरवर्षी नवी ठोकतो, मोजतो आणि दहा लिहितो. नऊ वर्षं झाली, दहाचे कधी अकरा नाहीत की नऊ नाहीत. त्यावरून हेडक्लार्कांनी 'किनारा जागचा हललेला नाही' असा शेरा मारला, आणि त्या शेऱ्यावरून नव्या नियोजन अधिकारी बाईंनी संरक्षक भिंत, तिच्यामागे बाग आणि गाडीतळ असा आराखडा केला. (बाई हुशार आहेत हो. पण असली वही वाचून माणूस आणखी काय करणार?)

सोमवारी जागा पाहायला गेलो. बाई नकाशा धरून पुढे चालत राहिल्या, मी टेप धरून मागे. गुडघाभर पाण्यात थांबून त्यांनी विचारलं, "गाडीतळ कुठे येतो?" मी म्हटलं, "बाई, तुम्ही त्यातच उभ्या आहात." मग चूक नकाशाची की समुद्राची, यावर बराच खल झाला. हेडक्लार्क म्हणाले, नकाशावर शिक्का आहे, समुद्रावर नाही. बाईंना ते पटलं नाही. मला थोडं पटलं, आणि पटलं म्हणून माझीच मला लाज वाटली. नऊ वर्षं लिहीत तर मीच होतो ना! आता डोळ्यांवर विश्वास ठेवू की स्वतःच्या अक्षरावर, काही कळत नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा गोंधळलेला भाचा

ता. क. वहीप्रमाणे वरचा मजला खुशाल बांधा. भाचा म्हणून विचाराल तर एक वीटही आणू नका.

आणखी ता. क. हे पत्र खरं तर घराच्या किल्लीसाठी लिहिलंय, ती लगेच पाठवा. यंदाची खुंटीही गेली. पाण्यापासून दहा मीटर मागे मोजलं, तर मामींचं स्वयंपाकघर येतं. त्या घरात मी लहानाचा मोठा झालो मामा, हातोडा उचलवत नाही. पण नियम आहे. ओट्याच्या अलीकडे ठोकू की पलीकडे, तेवढं मामींना विचारून कळवा.